व्यक्तिचित्र वाचायचं तर चेहरा झाका आणि हात बघा

संग्रहालयात एखाद्या व्यक्तिचित्रासमोर उभं राहिलं की नजर आधी चेहऱ्याकडे जाते, मग खालच्या पाटीवरच्या नावाकडे, आणि आपण पुढच्या चित्राकडे सरकतो. चेहऱ्यावरून फार तर माणूस देखणा होता की नाही एवढं कळतं. तेही चित्रकाराने किती लोणी लावलंय त्यावर अवलंबून. खरी माहिती हात, कोपर, पाय आणि बसण्याच्या ढबीत दडलेली असते. ती कशी काढायची, ते इथे क्रमाने देतो आहे. यासाठी कलेचं शिक्षण लागत नाही.

पण हातांवरून स्वभाव ओळखायला जाऊ नका. सतराव्या शतकात अँथनी व्हॅन डाइककडून चित्र काढून घ्यायला सरदार-उमरावांची रीघ लागायची. एका बैठकीला तो तासाभराहून जास्त वेळ देत नसे. चेहरा घेतला, देहाची ठेवण कागदावर उतरवली की गिऱ्हाईक मोकळं. कपडे मागाहून मागवून घेतले जात, ते सहायक रंगवत. आणि हातांसाठी त्याने चक्क पगारी माणसं ठेवली होती, बायकाही आणि पुरुषही. त्याच्या ओळखीच्या एका धनिकाने सांगितलेली ही हकिकत पुढे छापून आली. म्हणजे ज्या लांबसडक बोटांकडे बघून आपण ‘काय खानदानी हात आहेत’ म्हणतो, ते बऱ्याचदा त्या उमरावाचे नसतातच. चित्रातला हात सांगतो ती माणसाची समाजातली पायरी, आणि त्या पायरीवर उभं राहण्याची रीत. म्हणून दिसेल त्या हाताला एकच प्रश्न विचारायचा: त्या काळी असं करायची मुभा कोणाला होती?

पायरी १: चित्र कुठे कापलंय ते बघा

तळहात डोळ्यांपुढे धरून चेहरा झाका. मग चित्रात माणूस कुठपर्यंत आहे ते पाहा. खांद्यापर्यंत, कमरेपर्यंत, गुडघ्यापर्यंत की थेट बुटांपर्यंत? अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये गॉडफ्रे नेलरने किट-कॅट नावाच्या क्लबच्या सभासदांची चित्रं ३६ इंच बाय २८ इंच अशा कॅनव्हासवर काढली. त्यात डोकं, खांदे आणि एक हात मावतो. त्या मापाला पुढे किट-कॅट हेच नाव पडलं. कॅनव्हास मोठा तशी किंमत जास्त, हा सरळ हिशेब होता. तेव्हा हात दिसतोय म्हणजे कोणीतरी त्याचे पैसे मोजलेत असं धरून चाला. तो तिथे काहीतरी काम करतोय.

पायरी २: पाय आणि बैठक

हान्स होल्बाइनने १५३७ मध्ये लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्याच्या भिंतीवर आठव्या हेन्रीला रंगवलं. मूळ भित्तिचित्र १६९८ च्या आगीत गेलं, पण त्याचं पूर्वरेखाटन आणि नंतरच्या नकला आहेत. पाय फाकवून, दोन्ही पावलं जमिनीत रोवल्यासारखी, खांदे माणसाला असू शकत नाहीत इतके रुंद. एका हातात हातमोजे, दुसरा कमरेच्या खंजिरापाशी. मुकुट नाही, राजदंड नाही, सिंहासनही नाही. राजेपण सगळं त्या उभं राहण्यात आहे.

आता याच्या शेजारी ह्यासिंत रिगोने १७०१ मध्ये रंगवलेला फ्रान्सचा चौदावा लुई ठेवा. राजा साठी ओलांडलेला, पण झगा मागे सारून पांढऱ्या मोज्यांतले पाय मुद्दाम दाखवलेत, आणि पावलं नर्तकाची. हा राजा तरुणपणी दरबारी बॅलेत स्वतः नाचायचा, उगवत्या सूर्याच्या भूमिकेत. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातातला राजदंड उलटा, काठीसारखा टेकवलेला. हेन्री जागा अडवून उभा आहे आणि लुईला जागा अडवायची गरजच वाटत नाही. हे शब्दांत वाचून समाधान मानू नका. घरी आरशासमोर आधी एकासारखं उभं राहा, मग दुसऱ्यासारखं. लुईची पोझ मिनिटभर धरली की मांड्या भरून येतात, आणि ती यायला लहानपणापासून तालीम लागत असणार हे शरीरालाच कळतं.

आपल्याकडे मामला वेगळा. दरबारात उभं राहणं ही चाकरी, बसायला मिळणं हा मान. टॉमस डॅनियलने १८०५ मध्ये रंगवलेलं शनिवारवाड्यातल्या दरबाराचं चित्र बघा. प्रसंग १७९० चा आहे, टिपूविरुद्धच्या तहाचा. सवाई माधवराव पेशवे गादीवर आहेत, आणि इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट व त्याचे सोबती खुर्च्यांवर नाहीत, दरबारी रिवाजाप्रमाणे खाली बैठकीवर आहेत. इथे कोण कोणाच्या किती जवळ बसलाय आणि कोण उभा आहे, याचीच नोंद चेहऱ्यांच्या आधी करायची. मात्र हेही ध्यानात ठेवा की डॅनियलने तो दरबार पाहिलेला नव्हता. त्याने जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या रेखाटनांचा आधार घेतला, आणि वेल्सही मुंबईत उतरला तो १७९१ मध्ये. म्हणजे माणसं पाहून काढलेली आहेत, पण प्रसंग मागाहून जुळवलेला आहे.

पायरी ३: कोपर

कमरेवर हात ठेवून कोपर बाहेर काढलेला पुरुष युरोपी चित्रांत जागोजागी भेटतो. फ्रान्स हाल्सने १६२४ मध्ये रंगवलेला तो मिशीवाला, भरजरी बाह्यांचा तरुण घ्या. लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये आहे. त्याचा कोपर चौकट फोडून आपल्या बरगडीत घुसेल की काय असा पुढे आलाय. ही सैनिकी ऐट. इरॅस्मस या डच विद्वानाने १५३० मध्ये मुलांच्या शिष्टाचारावर पुस्तक लिहिलं, त्यात असं शिपायाच्या थाटात हात ठेवून उभं राहण्यावर नाकं मुरडली आहेत. म्हणजे पोरं तसं उभी राहत होती. त्या काळच्या बायकांच्या चित्रात असा कोपर क्वचित दिसतो, आणि दिसला तर थांबून चौकशी करण्यासारखी ती गोष्ट असते.

मराठी माणसाला कमरेवर हात म्हटलं की विटेवरचा विठोबा आठवणार. तिथे दोन्ही हात कटेवर आहेत, पण ऐट कुठेच नाही. वाट बघणं आहे, थांबून राहणं आहे. हाताची जागा तीच, अर्थ दुसऱ्या टोकाचा. हावभावांचा शब्दकोश घेऊन चित्रं बघायला निघालेल्यांनी हे एक उदाहरण खिशात ठेवावं.

पायरी ४: आता हात

इथे सर्वात जास्त वेळ द्या, आणि सर्वात जास्त सावधही इथेच राहा. कारण इंटरनेटवर हातांविषयी जितक्या थापा फिरतात तितक्या चित्रकलेतल्या दुसऱ्या कशाविषयी फिरत नसतील.

कोटात खुपसलेला हात घ्या. नेपोलियनचं पोट दुखायचं, अल्सर होता, म्हणून तो हात आत ठेवायचा, हे ऐकलेलं असेल. जाक लुई दाविदने १८१२ मध्ये त्याचं ते अभ्यासिकेतलं प्रसिद्ध चित्र काढलं. मेणबत्त्या जळून संपत आलेल्या, घड्याळात चार वाजून गेलेले, राजा रात्रभर प्रजेसाठी जागलेला. या चित्रासाठी नेपोलियन दाविदसमोर बसलाही नव्हता. मग कुठलं पोट आणि कुठलं दुखणं! हात कोटात घालायची पोझ त्याच्या कितीतरी आधी इंग्लंडात इतकी बोकाळली होती की अठराव्या शतकाच्या मध्याला तिचा वीट यावा. फ्रान्स्वा निव्हेलोंच्या १७३७ च्या शिष्टाचाराच्या पुस्तकात ती सभ्य गृहस्थाची ढब म्हणून येते: धीट, पण नम्रतेने आवरलेला.

तिचं मूळ शोधत गेलं तर अथेन्सपर्यंत जावं लागतं. इ.स.पू. चौथ्या शतकात ईस्किनीझ हा वक्ता भर सभेत म्हणाला, जुने थोर लोक हात वस्त्रात ठेवून बोलत, आणि पुरावा म्हणून अथेन्सचा जुना कायदेकर्ता सोलोन याचा सलामिस बेटावरचा पुतळा दाखवला. त्याचा वैरी डेमॉस्थेनिस दोन-तीन वर्षांनी उलटला. तो पुतळा उभारून पन्नास वर्षंसुद्धा झालेली नाहीत, सोलोन कसा उभा राहायचा हे त्या शिल्पकाराला काय ठाऊक? आणि हात आत ठेवायचाच तर भाषण करताना नको, वकिलातीवर जाशील तेव्हा ठेव. म्हणजे, लाच घ्यायला पुढे करू नकोस. चित्रातल्या पोझवरून माणसाची खरी सवय ठरवू नये, याचा इतका झणझणीत युक्तिवाद मी दुसरीकडे वाचलेला नाही.

उलट पुढे केलेला, उघडा हात हा वक्त्याचा. रोममधला ऑगस्टसचा पुतळा, गिल्बर्ट स्टुअर्टने १७९६ मध्ये रंगवलेला जॉर्ज वॉशिंग्टन, एकाच घराण्यातले. संसदेच्या आवारात १९६७ मध्ये बसवलेला, ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळाही या घराण्यात बसतो, पण त्यात भर आहे. एका हातात संविधान, दुसऱ्या हाताचं बोट पुढे. बोलणारा हात आणि लिहिणाऱ्याचा ग्रंथ एकाच देहावर आल्यामुळे ती आकृती गावोगावच्या चौकात लांबूनही ओळखू येते, चेहरा हुबेहूब नसला तरीही.

छातीवरचा हात म्हणजे शपथ, प्रामाणिकपणा, निष्ठा. एल ग्रेकोने १५८० च्या सुमारास रंगवलेला छातीवर हात ठेवलेला सरदार माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. काळा पोशाख, सोनेरी मुठीची तलवार, आणि अंगावर पसरलेला तो फिकट हात. त्याची मधली दोन बोटं जुळलेली आहेत, आणि तेवढ्यावरून गुप्त पंथ, छुप्या खुणा असलं काय काय रचलं गेलंय. एल ग्रेकोचीच इतर चित्रं काढून बघा. संतांचे हात, मेरी मॅग्डालेनचा हात, तिथेही बोटं तशीच. त्या काळच्या इतर चित्रकारांकडेही तशीच. ती हात डौलदार दिसावा म्हणून वापरायची ठरलेली रीत होती. इथून एक नियम घ्या: एखादी खूण ‘गुप्त’ वाटली तर त्याच चित्रकाराची आणखी पाच-सहा चित्रं पाहिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

पोटावरचा हात तसाच फसवा. यान व्हॅन आइकच्या १४३४ च्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात बाई गरोदर आहे असं निम्मे प्रेक्षक ठरवूनच येतात. तिने घोळदार, जड झग्याचा पुढचा भाग उचलून पोटाशी धरलाय, एवढंच. व्हॅन आइकने सेंट कॅथरीन रंगवली, ती कुमारिका, आणि तिचाही झगा असाच फुगलेला आहे. फॅशन होती.

मोनालिसाचे हात मात्र शांतपणे बघण्यासारखे आहेत. डावा हात खुर्चीच्या हातावर, उजवा त्याच्यावर अलगद. बोटांत अंगठी नाही, हातात रुमाल, फूल, पुस्तक काही नाही. एकावर एक ठेवलेले हात हा कुलीन स्त्रीचा मर्यादशील आचार मानला जायचा. इतरांनी हाच आचार आखडून, देवळात बसल्यासारखा काढला. लिओनार्दोने नियम पाळला आणि हात मात्र सैल सोडले.

हातमोज्यांचं थोडक्यात: ते घालण्यापेक्षा हातात धरणं महत्त्वाचं. टिशियनच्या १५२० च्या सुमाराच्या, लुव्रमधल्या तरुणाने डाव्या हातात एक मोजा घातलाय, दुसरा काढून त्याच हातात धरलाय, आणि उजवा हात उघडा आहे. ज्याला हाताने कष्ट करावे लागत नाहीत त्याचीच ही चैन.

आणि काही हातांना काहीच सांगायचं नसतं. सावळाराम हळदणकरांचं दिवा धरलेल्या मुलीचं जलरंगचित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. लोक ते हटकून रविवर्म्याच्या नावावर खपवतात. हळदणकर सावंतवाडीचे, आणि चित्रातली मुलगी त्यांची स्वतःची. ज्योतीवर आडवा धरलेला तिचा हात बघा: बोटांच्या फटींतून आणि कडांमधून उजेड लालसर झिरपतोय, जणू रक्तच पेटलंय. या हाताचा ‘अर्थ’ काय, असं कोणी विचारलं तर अर्थ नाही. चित्रकाराला तो उजेड पकडायचा होता. असे हात ओळखता येणं हाही या अभ्यासाचाच भाग.

पायरी ५: उजवं-डावं तपासा

अर्थ लावण्याआधी चित्र उलटं तर नाही ना, एवढी खात्री करा. आरशात बघून काढलेल्या आत्मचित्रात उजवा हात डावा होतो. चित्रावरून खोदकामाने केलेली छापील प्रत बऱ्याचदा उलटी येते. धातूच्या पत्र्यावरचे जुने फोटो तर उलटेच असायचे. अमेरिकेतल्या बिली द किड या गुन्हेगाराच्या तशा एका फोटोमुळे तो डावखुरा होता अशी समजूत पसरली, ती पुष्कळ वर्षं टिकली. तलवार नेहमीपेक्षा भलत्याच बाजूला, गुंड्या उलट्या, ही पकडायची ठिकाणं. मुघल काळच्या चित्रांत जाम्याचे, म्हणजे लांब अंगरख्याचे, बंद पाहा. साधारणपणे मुसलमान ते उजवीकडे बांधत, हिंदू डावीकडे.

युरोपी नवरा-बायकोच्या जोडचित्रांत नवरा बहुधा आपल्या डाव्या हाताला असतो, म्हणजे बायको त्याच्या डावीकडे येते. मानाची उजवी बाजू नवऱ्याची. उलटी मांडणी दिसली तर चित्रं नंतर कोणीतरी चुकीची टांगली नाहीत ना, ते आधी बघा.

पायरी ६: लघुचित्रं

इथे युरोपची सवय सोडून द्यावी लागते. तिकडे माणूस थोडा वळून आपल्याकडे बघतो. अगदी समोरून बघणं एके काळी बहुधा ख्रिस्ताच्या चित्रासाठी राखून ठेवलेलं, म्हणून ड्यूरर या जर्मन चित्रकाराने १५०० मध्ये स्वतःला तसं रंगवलं ते धाडसच. जहांगीरच्या काळापासून मुघल बादशहा मात्र एकाच बाजूने दिसतो, एक डोळा, एक गाल. तो आपल्याकडे बघत नाही. त्याने आपल्याकडे बघावं असे आपण कोण? ही शिस्त दख्खनमध्येही उतरली. शिवाजी महाराजांची गोवळकोंडा कलमाची, १६८० च्या दशकातली जी चित्रं आज ॲमस्टरडॅम, लंडन, पॅरिसच्या संग्रहांत आहेत, ती याच परंपरेतली.

दरबारी हावभाव लिखित नियमांनी बांधलेले होते. अकबराच्या कारभाराची माहिती देणाऱ्या ‘आईन-ए-अकबरी’त कोर्निश आणि तसलीम या दोन सलामांची कृती दिलेली आहे. कोर्निशमध्ये उजव्या हाताचा तळवा कपाळावर ठेवून मान लववायची. तसलीममध्ये हाताची पाठ जमिनीला टेकवायची, हळूहळू सरळ उभं राहायचं आणि तळवा डोक्यावर ठेवायचा. हे वाचलेलं असलं की दरबारचित्रातला कोपऱ्यातला वाकलेला माणूस नुसता ‘नमस्कार करणारा’ राहत नाही.

सरावासाठी बिचित्र या मुघल दरबारी चित्रकाराचं चित्र घ्या, १६१५ ते १६१८ च्या दरम्यानचं, वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीतलं. जहांगीर वाळूच्या घड्याळाच्या आसनावर बसून एका सूफी शेखाला ग्रंथ देतोय. आता फक्त हात बघत खाली या. शेखाने ग्रंथ उघड्या हातांनी घेतलेला नाही, शाल पुढे पसरून तीवर झेललाय. बादशहाच्या हाताला त्याचा हात लागत नाही. त्याच्याखाली तुर्की सुलतान, दोन्ही हात जोडून. त्याच्याखाली इंग्लंडचा राजा जेम्स, युरोपी चित्रावरून उतरवलेला, तो बादशहाकडे बघतही नाही. आणि सर्वांत खाली, कोपऱ्यात, पिवळा जामा डावीकडे बांधलेला स्वतः बिचित्र. त्याच्या हातात एक चिमुकलं चित्र आहे, दोन घोडे, एक हत्ती, आणि वाकून मुजरा करणारा पुन्हा तोच. सही केलीय बादशहाच्या पायाखालच्या चौरंगावर. चार माणसं, चार पायऱ्या, आणि प्रत्येकाच्या हाताने आपली पायरी सांगितलेली.

पायरी ७: घरातला फोटो

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. त्या काळी प्लेटवर उजेड पडायला सेकंदांच्या हिशेबात वेळ लागे, आणि हललं की हात धूसर. म्हणून हात कशावर तरी टेकवायचा: टेबल, खुर्चीची पाठ, काठी, पुस्तक. मानेमागे लोखंडी आधार लावत, त्याचे पाय कधी कधी बुटांमागे डोकावतात. पुढे जलद प्लेटा आल्या, पण पोझ तशीच राहिली. त्यामुळे पणजोबांच्या फोटोतला ताठपणा हा करारी स्वभाव आहे की स्टुडिओची सवय, हे एका फोटोवरून ठरत नाही.

घरातला सर्वात जुना जोडफोटो काढा. कोण बसलंय, कोण उभं आहे, उभ्या माणसाचा हात बसलेल्याच्या खांद्यावर आहे की खुर्चीच्या पाठीवर, ते लिहून घ्या. खांदा आणि खुर्ची यांत बरंच अंतर आहे. मग पुठ्ठा उलटा करून स्टुडिओचा शिक्का बघा आणि नातेवाइकांकडे त्याच स्टुडिओचे आणखी फोटो आहेत का ते विचारा. तेच टेबल, तेच पुस्तक, तोच टेकवलेला कोपर निघाला तर पोझ फोटोग्राफरची. एखाद्याच फोटोत हात वेगळा पडलेला असेल, तर त्या माणसाविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायला सुरुवात करा.